सीट भरल्याशिवाय सुटत नाही

“खानापूर, खानापूर! एकच सीट, एकच सीट!” हा बेळगावच्या स्टँडवरचा वडापचा, म्हणजे भरली की सुटणाऱ्या माणशी भाड्याच्या गाडीचा, पुकारा ऐकून आत डोकवावं तर तीन जागा मोकळ्या दिसतात. पुढच्या बाकावरच्या दोघांपैकी एकजण बऱ्याचदा लाइनीतल्याच दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर असतो. गाडी भरत आली असं दिसावं म्हणून त्याला बसवलेलं असतं. खरी गिऱ्हाइकं चढली की तो तंबाखू मळत उतरतो आणि मागच्या गाडीत जाऊन तसाच बसतो. पहिल्या चार माणसांना बसवणं हे सगळ्यात अवघड काम. रिकाम्या गाडीत कुणी चढत नाही, कारण ती कधी सुटेल याचा भरवसा नसतो. आणि कुणी चढत नाही म्हणून ती सुटत नाही. ही गाठ सोडवायला अमेरिकेतल्या कंपन्यांनी अब्जावधी डॉलर घातले. आपल्याकडं ती एका बसवलेल्या माणसावर आणि थोड्या खोटं बोलण्यावर सुटत आली आहे.

उबर २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली, ओला २०१० मध्ये मुंबईत. मोकळा बाजार कसा काम करतो हे दाखवायला हल्ली या कंपन्यांचंच उदाहरण देतात, आणि ते उगाच नाही. २०१६ मध्ये क्रॅमर आणि क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या पाच शहरांचा हिशोब मांडला होता. साध्या टॅक्सीच्या तुलनेत उबरच्या गाडीत प्रवासी असण्याचं प्रमाण वेळेच्या मापानं सुमारे ३० टक्के आणि अंतराच्या मापानं सुमारे ५० टक्के जास्त निघालं. तीच गाडी, तेच तेल, तोच रस्ता, पण रिकामं फिरणं कमी. मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. गाडी रिकामी पळवायची नाही हा नियम वडापवाल्यानं कुठल्याही ॲपच्या आधीपासून पाळलेला आहे.

सीट ही साठवून ठेवता येणारी वस्तू नाही. संध्याकाळी उरलेल्या कोथिंबिरीलासुद्धा पडेल तो भाव मिळतो. गाडी सुटल्यावर मागं राहिलेल्या सीटला कवडी मिळत नाही. म्हणून प्रवासी वाहतुकीत एकच प्रश्न सोडवायचा असतो: वाट कुणी पाहायची? एसटी आणि कर्नाटकची बस घड्याळ पाहून सुटते. प्रवाशाला वेळ ठाऊक असते, पण सीट रिकामी जाते आणि तिचा भुर्दंड शेवटी सरकारी तिजोरीवर पडतो. ॲपच्या पद्धतीत गाडी मोकळी थांबते, म्हणजे वाट ड्रायव्हर पाहतो. वडापमध्ये गाडी भरेपर्यंत प्रवासी वाट पाहतो, आणि त्याबद्दल त्याला भाडं कमी पडतं. यातली कुठलीही पद्धत वाट पाहणं संपवत नाही. कार्यक्षमता म्हणतात ती पुष्कळदा ही वाट एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यातून येते, हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

आता हिशोब. बेळगाव-खानापूर ही ओळखीची वाट घेऊ, अंतर साधारण २६ किलोमीटर. गाडी क्रूझर, पासिंग (म्हणजे कागदोपत्री मंजूर माणसं) बारा अधिक ड्रायव्हर. आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपापल्या लाइनीचे घालून पाहावेत. थांबत-उचलत जाणारी गाडी लिटरला ११ किलोमीटर देईल, म्हणजे एका खेपेला २.३६ लिटर डिझेल, ९० रुपयांनी २१३ रुपये. टायर, ऑइल, ब्रेक लायनर यांपोटी किलोमीटरला दीड रुपया धरला तर ३९. स्टँडवर नंबर लावणाऱ्या माणसाचे २०. झाले २७२. हा झाला चाक फिरल्यावर होणारा खर्च. चाक फिरो न फिरो, बँकेचा हप्ता, विमा, टॅक्स आणि पासिंग मिळून दिवसाला १,०७० आणि ड्रायव्हरचा पगार ६००, असे १,६७० रुपये रोज उभेच असतात. हे खेपांवर वाटायचे.

दिवसात आठ खेपा झाल्या, म्हणजे चार जाऊन-येऊन, तर खेपेला २०९ रुपये येतात. एकूण खर्च ४८१. भाडं माणशी ४० धरलं तर बारा माणसांचे होतात ४८०. म्हणजे पासिंगइतकी गाडी पूर्ण भरली तरी मालकाच्या हातात काही उरत नाही. तेरावा माणूस बसला तर तो फायदा, चौदावा बसला तर बरा फायदा. “मावशी, जरा सरकून घ्या की, खानापूर आलंच” हे वाक्य या बेरजेतून जन्मतं. दाटीवाटीला ड्रायव्हरचा हावरटपणा म्हणून शिव्या घालणं सोपं आहे. पण कायद्यानं ठरवलेल्या बारा माणसांत जर खर्चच निघत असेल, तर नफा कायद्याबाहेरच्या माणसावर बसलेला असतो. आणि हे भाडं ४० वरून ४५ केलं की सुटेल असंही नाही. का, ते लाइनीत किती गाड्या आहेत त्यावर आहे.

समजा त्या वाटेवर दोन्ही बाजूंचे प्रवासी मिळून दिवसाला ९६ खेपा भरतात. लाइनीत आठ गाड्या असतील तर प्रत्येकीला बारा खेपा. मग उभा खर्च खेपेला १३९, एकूण ४११, आणि बारा माणसांत खेपेला ६९ रुपये सुटतात, दिवसाला सव्वाआठशे. ही बातमी गावात लपत नाही. भावकीतला कुणीतरी सोसायटीचं कर्ज काढतो, कुणी ट्रॅक्टर विकून क्रूझर घेतो. गाड्या बारा होतात, खेपा आठ-आठ वाट्याला येतात, नफा शून्य. पाठ्यपुस्तक इथं थांबतं: नफा संपला की नवा माणूस येणार नाही. प्रत्यक्षात तो येतो, कारण त्यानं गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा लाइनीत आठच होत्या. गाड्या सोळा झाल्या की सहा-सहा खेपा, खर्च खेपेला ५५०, आणि ४० रुपयांनी तो भागवायला चौदा माणसं लागतात. आता दाटी ही गरज झाली.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. चौदा तासांच्या दिवसात बारा खेपा म्हणजे खेपेला ७० मिनिटं. त्यातली ५० रस्त्यावर, २० स्टँडवर. आठ खेपांना १०५ मिनिटं, म्हणजे ५५ स्टँडवर. सहा खेपांना १४० मिनिटं, म्हणजे दीड तास नंबरात उभं राहायचं. भाडं वाढवलं तर नफा दिसतो, नफा दिसला तर गाडी वाढते, गाडी वाढली की थांबण्याचा वेळ वाढतो आणि वाढलेलं भाडं स्टँडवर उभं राहण्यात जिरून जातं. प्रवाशाला जास्त पैसे पडले, ड्रायव्हरला जास्त मिळाले नाहीत. पैसा गेला कुठं? गाड्यांच्या हप्त्यात. मोकळ्या प्रवेशाची ही बाजू त्याचे गोडवे गाणारे क्वचितच सांगतात.

म्हणून प्रत्येक स्टँड आज ना उद्या स्वतःचं परमिट काढतो. कागदावर कुठं नसतं, पण नंबरात गाडी घ्यायची की नाही हे लाइनीतली जुनी माणसं ठरवतात. नव्या गाडीला आधी फक्त बाजाराच्या दिवशी खेप, मग कुणीतरी गाडी विकली की त्याचा नंबर. न्यूयॉर्कनं हेच १९३७ मध्ये कायद्यानं केलं. टॅक्सींची संख्या बांधून टाकली, आणि पुढं त्या एका परवान्याची किंमत २०१३-१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरच्या वर गेली. ॲप आल्यावर ती कोसळली आणि कर्ज काढून परवाना घेतलेले ड्रायव्हर बुडाले. आपल्याकडच्या नंबराला असा भाव नसला तरी व्यवहार त्याच जातीचा आहे. सरकारी बंधन नको म्हणणारा धंदा स्वतःचं बंधन तयार करतो, आणि माझ्या मते त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सोळा गाड्यांनी एकमेकांचं पोट मारण्यापेक्षा दहांनी नीट चालावं. फक्त तो निर्णय दहांनीच घ्यायचा, की प्रवाशांनाही त्यात तोंड असावं, हा वादाचा मुद्दा.

बसवाल्यांची वडापवर जुनी तक्रार आहे: हे लोक आमच्या बसच्या पाच मिनिटं पुढं धावतात आणि मलई काढून नेतात. तक्रार खरी आहे. सकाळी कॉलेजच्या वेळेला आणि संध्याकाळी पाचनंतर भरपूर गाड्या, दुपारी अडीचला एक नाही. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये लोकांनी आपापल्या फोर्ड गाड्या काढून ट्रामच्या वाटेवर पाच सेंटला माणसं न्यायला सुरुवात केली, तेव्हा ट्राम कंपन्यांनी हीच फिर्याद केली. शहराशहरांनी जामीन, परवाने, ठरलेला मार्ग अशा अटी घातल्या आणि थोड्याच वर्षांत तो धंदा जवळजवळ संपला. शंभर वर्षांनी तीच कल्पना फोनवर बसून परत आली.

कायद्याचं म्हणाल तर सगळी मेख परमिटात आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी नेणारी गाडी मॅक्सीकॅब. तिला मिळतं ते कॉन्ट्रॅक्ट कॅरेजचं परमिट: पूर्ण गाडी एका पार्टीनं एका भाड्यात ठरवायची, वाटेत माणसं चढवायची-उतरवायची नाहीत. माणशी तिकीट घेऊन थांब्याथांब्याला उचलायचं तर स्टेज कॅरेजचं परमिट हवं, जे बसला मिळतं. वडाप कॉन्ट्रॅक्टच्या कागदावर स्टेजचा धंदा करतं, म्हणून पावती फाटते. गंमत अशी की २०१७ च्या सुरुवातीला बेंगळुरात ओला आणि उबरच्या शेअर-गाड्यांवर कर्नाटकच्या परिवहन खात्यानं जो आक्षेप घेतला तो याच मुद्द्यावर होता. वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या भाड्यानं वाटेत चढवणं कॉन्ट्रॅक्ट कॅरेजमध्ये बसत नाही. आयटी पार्कमधलं ॲप आणि खानापूर लाइनीतली क्रूझर एकाच कलमाच्या कचाट्यात सापडली. फरक एवढाच की ॲपवाल्यांच्या बाजूनं इंग्रजी वर्तमानपत्रांत अग्रलेख आले.

चौदाव्या माणसानं मात्र एक ध्यानात ठेवावं. गाडीचा विमा पासिंगमधल्या माणसांपुरता असतो. जादा माणसं भरलेल्या गाडीच्या अपघातात विमा कंपनीची जबाबदारी पासिंगच्या आकड्यापुरतीच, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये म्हटलं आहे. उरलेल्यांची भरपाई मालकाकडून वसूल करायची, आणि मालकाकडं काय असतं हे वर हिशोबात आलंच.

बेळगावात ॲपची गाडी बोलावणं हा मुंबई-पुण्यासारखा अनुभव का नाही, याचं कारण लोक ड्रायव्हरच्या स्वभावात शोधतात. कारण भूमितीत आहे. शंभर चौरस किलोमीटरच्या शहरात पंचवीस मोकळ्या रिक्षा विखुरलेल्या असतील तर सगळ्यात जवळची रिक्षा सरासरी एक किलोमीटरवर सापडते, सरळ रेषेत. शंभर असतील तर अर्ध्या किलोमीटरवर. गाड्या चौपट झाल्या की अंतर निम्मं होतं. उलट फक्त चारच मोकळ्या असतील तर अडीच किलोमीटर, आणि गल्लीबोळ धरून साडेतीन. आता टिळकवाडीतून तीन किलोमीटरची खेप ६० रुपयांना मागितली आणि त्यासाठी ड्रायव्हरला साडेतीन किलोमीटर रिकामं यायचं असेल, तर तो ती खेप रद्द करणार. करायलाच हवी. त्यात रेल्वे फाटक. नकाशावर रिक्षा ४०० मीटरवर दिसते, पण ती फाटकाच्या पलीकडं असते आणि फाटक पडलेलं असतं. यंत्राला सरळ रेषा समजते, मालगाडी समजत नाही. इथल्या माणसाला दोन्ही समजतं, म्हणून तो फाटक ओलांडून चालत पलीकडं जातो आणि मग बुकिंग करतो.

दाट शहरातसुद्धा गर्दीच्या वेळी असंच होतं आणि ते जास्त वाईट. सगळ्या जवळच्या गाड्या गुंतल्या की ॲप लांबची गाडी धाडतं. ती लांबून रिकामी येते, तेवढा वेळ ती कुणाच्याच कामाची नसते, म्हणून मोकळ्या गाड्या आणखी कमी होतात, मग पुढच्याला आणखी लांबची गाडी. भाडं तेच ठेवलं तर सगळा ताफा माणसं नेण्याऐवजी माणसांच्या मागं पळत राहतो. कास्टिलो, नॉफल आणि वेल या अर्थतज्ज्ञांनी हे दुष्टचक्र २०१७ मध्ये नीट मांडलं. गर्दीत भाव चढवण्याचं खरं समर्थन हे आहे. भाव चढला की ज्याला अर्धा तास थांबता येतं तो थांबतो, ज्याला दवाखान्यात जायचंय त्याला गाडी मिळते, आणि गाड्या पुन्हा जवळच्या खेपा करू लागतात. २०१५ चं नवं वर्ष लागलं त्या मध्यरात्री न्यूयॉर्कमध्ये उबरची ही यंत्रणा २६ मिनिटं बंद पडली होती; तेवढ्यात थांबण्याचा वेळ वाढला आणि मागितलेल्या खेपांपैकी पुऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण घसरलं. त्या रात्रीचा हा अभ्यास कंपनीच्याच माणसांच्या हातचा आहे, तेव्हा थोडं मीठ घालून घ्यावा. पण मुद्दा चुकीचा नाही.

दुसरी बाजूही मोजलेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २०१० ते २०१६ या काळात वाहतूक कोंडीतला खोळंबा ६२ टक्क्यांनी वाढला. ॲपच्या गाड्या नसत्या तर तो २२ टक्क्यांनीच वाढला असता, असा २०१९ मधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. प्रवाशाला दोन मिनिटांत गाडी मिळावी म्हणून कितीतरी गाड्या रस्त्यावर मोकळ्या घुटमळत असतात. त्या ज्यांना अडवतात त्यांना कुणी पैसे देत नाही.

आपल्याकडं भाव चढतो तो सौंदत्तीच्या पौर्णिमेला. यल्लम्माच्या यात्रेला माणशी बसून जाण्यापेक्षा गल्लीतल्या बारा जणांनी मिळून क्रूझर ठरवणं पूर्वापार चालत आलं आहे, आणि ते पूर्ण कायदेशीरही आहे, कारण गाडी एका पार्टीनं घेतलेली असते. ठरवताना तीन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात: डोंगरावरच्या पार्किंगचे आणि वाटेतल्या टोलचे पैसे कुणाचे, थांबण्याचा आकार किती तासांनंतर, आणि येताना वाटेत दुसरीकडं दर्शनाला वळवायची झाली तर किलोमीटरचा भाव काय. यांतलं तिसरं न ठरवल्यामुळं परतीच्या वाटेवर सगळ्यात जास्त भांडणं होतात. देव पाहून आलेली माणसं दीडशे रुपयांवरून हमरीतुमरीवर येतात.

भाव सरकारनंही बांधलेले आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नाटकात दहा लाखांपर्यंतच्या टॅक्सीला पहिल्या चार किलोमीटरला १०० रुपये आणि पुढं किलोमीटरला २४ रुपये असा एकच दर आहे, ॲपची असो वा साधी. केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी गर्दीत दुपटीपर्यंत भाव चढवायची मुभा दिली. केंद्र म्हणतं चढवा, राज्य म्हणतं एकच दर. ॲपच्या कमिशनचं दुखणं त्याहून मोठं होतं. त्यावर बेंगळुरात नोव्हेंबर २०२२ मध्ये नम्म यात्री हे ॲप रिक्षाचालकांच्या संघटनेला बरोबर घेऊन निघालं: कमिशन नाही, आणि पुढं २०२३ मध्ये दिवसाला ठरावीक २५ रुपये किंवा खेपेला साडेतीन असा आकार लागला. दिवसाला वीस खेपा मारणाऱ्याला २५ रुपये म्हणजे काहीच नाही. पण आमच्याकडं ॲपवरून दिवसाला तीनच खेपा मिळाल्या तर ६० रुपयांच्या खेपेला ते सव्वाआठ पडतात, जवळजवळ १४ टक्के. बेंगळुराला स्वस्त पडणारी पद्धत बेळगावला तितकी स्वस्त नाही. इथं खेपेवर पैसे देणंच परवडतं.

तरी ॲपनं एक काम केलंय ते मान्य करायला हवं. स्टेशनवर उतरून मच्छेच्या विद्यापीठाला जाणारी नवखी मुलगी, जिला ना कानडी धड येतं ना बेळगावी मराठी, तिला घासाघीस न करता भाडं आधी कळतं. मीटर नावाची वस्तू रिक्षात शोभेला असते अशा गावात ही लहान गोष्ट नव्हे.

११ जून २०२३ ला या सगळ्या हिशोबात एक शून्य आलं. शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही. ज्या वाटेला बस नेमानं आहे तिथं वडापची बरीच गिऱ्हाइकं उठून गेली, आणि उरलेल्या पुरुषांना गाडी भरायला जास्त वेळ थांबावं लागू लागलं. सप्टेंबर २०२३ मध्ये बेंगळुरात खाजगी वाहतूकदारांनी बंद पाळला त्यामागं हेही एक कारण होतं. महाराष्ट्रानं त्याच वर्षी १७ मार्चपासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट केलं होतं, आपल्या हद्दीतल्या टप्प्यापुरतं. त्यामुळं बेळगावहून कोल्हापूरला जाणाऱ्या बाईला निपाणीपर्यंत कर्नाटकच्या बसमध्ये शून्य आणि पुढं एसटीत हद्दीपलीकडं अर्धं, असा प्रवास तोडून केला तर स्वस्त पडतो. अशा दोन गाड्यांच्या मधे खाजगी गाडीनं भाव कितीही पाडला तरी काय उपयोग? स्पर्धा शून्याशी करता येत नाही. मात्र ज्या गावाला दिवसातून दोनच बस येतात तिथल्या बाईचं शून्य तिकीट कागदावरच राहतं. ती अजूनही वडापनंच येते आणि चाळीस मोजते.

हद्दीचा फटका टॅक्सीवाल्याला वेगळा बसतो. रिक्षाचं परमिट तर जिल्ह्यातल्या ठरावीक हद्दीपुरतं. हद्दीवरच्या शिनोळीत शिरली की ती परक्या राज्यात. टॅक्सीला अखिल भारतीय परमिट काढता येतं, पण त्यानं येतानाचं भाडं मिळत नाही. बेळगावहून चोर्ल्याच्या घाटानं गोव्याच्या विमानतळावर माणूस सोडला की तिथून परतीचं गिऱ्हाईक उचलायला स्थानिक टॅक्सीवाल्यांचा विरोध असतो. म्हणून बेळगावचा टॅक्सीवाला गोव्याचं भाडं जाण्या-येण्याचं मिळून सांगतो. गिऱ्हाइकाला वाटतं दुप्पट लावले. त्यानं दुप्पट किलोमीटर धरलेले असतात. ॲपची एकेरी सेवा स्वस्त पडते ती परतीचं गिऱ्हाईक जुळवून. ते जिथं जुळवू दिलं जात नाही, तिथं कुठलंही सॉफ्टवेअर दुसरी बाजू भरून देऊ शकत नाही.

आणि अधूनमधून हद्दच बंद होते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमावादाचं वारं सुटलं आणि दोन्ही राज्यांच्या बस थांबल्या. अशा दिवसांत बस हद्दीपर्यंत येते, पुढं कोगनोळीपासून कागलपर्यंत ज्याचं त्यानं बघायचं. तेवढ्या तुकड्याला एखादा दुप्पट मागतो आणि लोक त्याला लुटारू म्हणतात. दगड पडण्याची भीती असताना नंबरप्लेट घेऊन पलीकडं जाणाऱ्याला जास्त मिळू नये असं मला वाटत नाही. पण त्याच गर्दीत डायलिसिसची तारीख गाठायला निघालेला म्हातारा असतो, आणि त्याच्याकडं दुप्पट नसतात. भाव चढला की ज्याला निकड जास्त त्याला गाडी मिळते, हे वर लिहिलं ते खिसे सारखे असतील तेव्हा खरं.

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून बेळगावला आणि रविवारी परत जाणाऱ्या नोकरदारांत खर्च वाटून जाण्याची पद्धत आता रुळली आहे. ब्लाब्लाकार २०१५ मध्ये भारतात आली. तिच्यावर किंवा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाडी टाकली की तासाभरात सीटा जातात. इथं व्यवहार आणि खर्चवाटप यांतली रेघ पाळणं महत्त्वाचं. साधारण ३४० किलोमीटर, लिटरला १६ ची गाडी, सव्वाएकवीस लिटर पेट्रोल, १०३ रुपयांनी २,१९०. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर या नाक्यांचे मिळून ६०० धरू. एकूण २,७९०, चौघांत माणशी ७०० ला थोडे कमी. हे खर्चवाटप. तिघांकडून ९३० घेतले तर गाडीवाला फुकटात गेला. त्याच्यावर घेतले की तो धंदा झाला, आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीला धंद्याचं परमिट नसतं. भाड्यानं माणसं नेली हे सिद्ध झालं तर खाजगी गाडीचा विमा हात वर करू शकतो. शिवाय गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर त्यात आत बसलेल्या माणसांचं काहीच नसतं. पॅकेज पॉलिसी असेल तरच त्यांना आधार. सीट बुक करण्याआधी ड्रायव्हरला किती रेटिंग आहे ते सगळे पाहतात, विमा कुठला हे कुणी विचारत नाही. केंद्राच्या २०२० च्या सूचनांत खाजगी गाडीला ॲपमार्फत शहरात दिवसाला चार आणि दोन शहरांत आठवड्याला दोन अशा वाटून घेतलेल्या खेपांची मुभा होती, पण तिचा उपयोग राज्यानं ती स्वीकारण्यावर अवलंबून होता.

वडापचं सगळ्यात मोठं व्यंग रात्रीचं आहे. साडेसातनंतर लाइन आटते, कारण गाडी भरत नाही, आणि भरत नाही म्हणून सुटत नाही. बाजारपेठेतल्या दुकानात काम करणाऱ्या बायका-मुली साडेआठला सुटतात. यावर ॲपची वाट पाहत बसायची गरज नाही. लाइनीच्या हिशोबातच जागा आहे. दिवसाच्या ९६ खेपांमागं पाच-पाच रुपये बाजूला काढले तर ४८० होतात. नऊच्या ठरलेल्या खेपेला खानापूरपर्यंत जाऊन रिकामं यायला तेल आणि झीज मिळून ५०४ लागतात. तीन माणसं बसली तर १२० आले, एकूण ६००. ड्रायव्हरला वर ९६ उरतात. ज्याचं घर खानापूरकडं आहे त्याच्याकडं ही खेप दिली तर परतीचा खर्चच नाही. पैसे गोळा करायला नवा माणूस नको, नंबर लावणारा आहेच. अट एकच: नऊ म्हणजे नऊ, एक माणूस असला तरी सुटायचं, नाहीतर पहिल्या आठवड्यातच लोकांचा भरवसा उडेल. यात्रेच्या दिवसांत आणि निवडणुकीच्या काळात गाड्या लाइनीतच नसतात, तेव्हा त्या रात्रींची पाळी कुणाची हे आधी लिहून ठेवावं लागेल.